एससीसीएम क्लायंटचे लॉग कसे वाचायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एससीसीएम म्हणजे मायक्रोसॉफ्टचं कॉन्फिगरेशन मॅनेजर, ऑफिसच्या मशीनवर ॲप आणि अपडेट पोचवणारी प्रणाली. क्लायंट म्हणजे तिचा दर मशीनवर चालणारा भाग, आणि लॉग म्हणजे तो काय काय करतो याची नोंदवही. सॉफ्टवेअर सेंटर ही युजरला ॲप दिसतात ती खिडकी. हे पान डेस्कटॉप सपोर्टमध्ये बसणाऱ्यांसाठी आहे. ज्यांच्याकडे रोज सकाळी "सॉफ्टवेअर सेंटरमध्ये ॲप अडकलंय" अशी तिकिटं येतात, त्यांच्यासाठी. अशा वेळी पहिला हात रीस्टार्टकडे जातो आणि दुसरा क्लायंट काढून पुन्हा टाकण्याकडे. दुसऱ्या उपायाने कधीकधी काम होतं, पण त्यासोबत बहुतेक लॉगही जातात. मग तोच दोष पुढच्या मशीनवर आला की आपण पुन्हा शून्यावर. म्हणून आधी लॉगची प्रत काढा, मग काय करायचं ते करा.

एक सूचना: फाइलींची नावं, फोल्डर आणि कोड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. मशीनवर ते रोमन लिपीत दिसतील.

लॉग असतात कुठे?

क्लायंटचे रोजचे लॉग सी:\विंडोज\सीसीएम\लॉग्ज इथे. क्लायंट बसवतानाचे लॉग वेगळे, सी:\विंडोज\सीसीएमसेटअप\लॉग्ज इथे. सर्व्हरचे लॉग सर्व्हरवर, आणि ते बघायची परवानगी तुम्हाला बहुधा नसते. काही बिघडत नाही, मशीनवरच्या दोषांपैकी बरेचसे क्लायंटच्या लॉगमध्येच सापडतात.

तिथे कितीतरी फाइली आहेत. सुरुवात कुठून करू?

सगळ्या उघडू नका. क्लायंट एखादं ॲप बसवताना ठरलेल्या क्रमाने काम करतो आणि दर टप्प्याची फाइल वेगळी असते. हा क्रम एकदा डोक्यात बसला की अर्धं काम झालं.

आधी पॉलिसी येते. "तुझ्यासाठी हे ॲप आहे" हा निरोप क्लायंटला मिळाला का, हे पॉलिसीएजंट.लॉग सांगतो. क्लायंट हा निरोप विचारायला डिफॉल्ट सेटिंगनुसार दर ६० मिनिटांनी जातो. त्यामुळे डिप्लॉयमेंट करून, म्हणजे सर्व्हरवरून ॲप मशीनला नेमून, पाच मिनिटांत "आलं नाही" म्हणणाऱ्याला थोडा चहा पाजावा. निरोप आला की क्लायंट बघतो, हे ॲप मशीनवर आधीपासून आहे का? त्याची नोंद ॲपडिस्कव्हरी.लॉगमध्ये. नसेल तर ते बसवायचं की नाही, अटी जुळतात की नाही, हा हिशेब ॲपइंटेंटइव्हॅल.लॉगमध्ये. बसवायचं ठरलं की फाइली आणायच्या. कुठून आणायच्या याचा शोध लोकेशनसर्व्हिसेस.लॉग आणि सीएएस.लॉगमध्ये, डाउनलोडचं नियोजन कंटेंटट्रान्सफरमॅनेजर.लॉगमध्ये, प्रत्यक्ष वाहतूक डेटाट्रान्सफरसर्व्हिस.लॉगमध्ये. फाइली आल्या की इन्स्टॉलेशन ॲपएन्फोर्स.लॉगमध्ये. शेवटी पुन्हा ॲपडिस्कव्हरी: आता तरी ॲप दिसतंय का?

जुन्या पद्धतीचं पॅकेज असेल तर ॲपएन्फोर्सच्या जागी एक्झेकमॅनेजर बघायचा. त्याच्या फाइलीचं नाव एक्झेकएमजीआर.लॉग.

आता काम इतकंच: साखळीतली शेवटची पूर्ण झालेली कडी शोधा. ॲपएन्फोर्समध्ये तुमच्या ॲपचं नावच नसेल, तर इन्स्टॉलरवर संशय घेण्यात अर्थ नाही. गाडी तिथवर पोचलेलीच नाही.

नोटपॅडमध्ये उघडलं तर सगळं गिचमिड दिसतं.

दिसणारच. दर ओळीत संदेशाच्या मागे वेळ, तारीख, घटक, प्रकार, थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामांपैकी एकेका कामाचा धागा) असं शेपूट लावलेलं असतं. त्यासाठी सीएमट्रेस हे लॉग वाचण्याचं साधन वापरा. कॉन्फिगरेशन मॅनेजरच्या आवृत्ती १८०६ पासून तो क्लायंटसोबतच सी:\विंडोज\सीसीएम या फोल्डरमध्ये येतो, वेगळा शोधावा लागत नाही.

सीएमट्रेसमधल्या दोन सोयी मी रोज वापरतो. फाइल उघडायच्या खिडकीत दोनतीन फाइली निवडून 'मर्ज' वर टिचकी दिली की त्या वेळेच्या क्रमाने एकत्र दिसतात. ॲपइंटेंटइव्हॅल, सीएएस आणि ॲपएन्फोर्स असे एकत्र करून बघा, वरची साखळी डोळ्यांसमोर उलगडते. दुसरी सोय थ्रेडची. क्लायंट एकाच वेळी चार कामं करतो आणि त्यांच्या ओळी एकमेकींत मिसळतात. आपल्या ओळीचा थ्रेड क्रमांक घेऊन फिल्टर लावला की बाकीचा गलका बंद.

वेळेपुढे उणे ३३० लिहिलेलं आहे. घड्याळ चुकलंय का?

नाही. तो भारतीय प्रमाणवेळेचा फरक आहे, मिनिटांत. साडेपाच तास म्हणजे ३३० मिनिटं. उणे कशासाठी? कारण विंडोज उलटा हिशेब धरतं: स्थानिक वेळेत हा आकडा मिळवला की जागतिक वेळ आली पाहिजे. तुमचा सर्व्हर फ्रँकफर्टला आणि मशीन नाशिकला असेल, तर दोन्ही लॉग शेजारी ठेवताना हा आकडा बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. तारखेतही आधी महिना असतो. ०३-०४-२०२५ म्हणजे ४ मार्च, ३ एप्रिल नव्हे. यात माझी एक संध्याकाळ वाया गेली आहे.

लाल ओळ सापडली. तोच दोष ना?

बहुतेकदा नाही. नवीन माणसाची पहिली सवय म्हणजे फाइलीच्या तळाशी जाऊन लाल ओळ शोधायची, तिचा कोड गुगलवर टाकायचा आणि पहिला सापडलेला उपाय मशीनवर चालवायचा. ही सवय मोडल्याशिवाय लॉग वाचता येत नाहीत.

क्लायंटच्या लॉगमध्ये लाल ओळी निरोगी मशीनवरही असतात. एखादी नोंद सापडली नाही, एखादा पर्यायी रस्ता बंद होता, दुसरा घेतला, काम झालं. तरी पहिल्या प्रयत्नाची ओळ लालच राहते. शिवाय एमएसआयच्या (विंडोजच्या इन्स्टॉलरच्या) लॉगसारख्या साध्या मजकुराच्या फाइलीत सीएमट्रेस शब्द बघून रंग भरतो, त्यामुळे नुसता 'एरर' शब्द आलेली निरुपद्रवी ओळही रंगते.

मी असं करतो. आधी युजरला विचारतो, "नक्की किती वाजता बटण दाबलंत?" तिकिटावरची वेळ चालत नाही, ती तिकीट लिहिल्याची वेळ असते. माहीत नसेल तर त्यांच्यासमोर पुन्हा दाबायला लावतो आणि घड्याळ बघतो. मग लॉगमध्ये त्या मिनिटावर जातो आणि तिथून खाली वाचतो. पहिली विसंगती सापडली की थांबतो. तिच्या नंतरच्या दहा लाल ओळी बऱ्याचदा तिचेच पडसाद असतात.

आणखी एक गोष्ट: शेजारच्या चांगल्या मशीनवरची तीच फाइल घेऊन ठेवा. तीच लाल ओळ तिथेही असेल तर तिला सोडून द्या. लाल ओळीइतकंच महत्त्व 'नसलेल्या' ओळीला असतं. जी ओळ चांगल्या मशीनवर आहे आणि इथे नाही, ती शोधायला तुलना लागते.

एरर कोडचा अर्थ कसा लावायचा?

सीएमट्रेसमध्ये कंट्रोल आणि एल दाबा, कोड टाका, अर्थ येतो. पण एक खूण लक्षात ठेवली तर तेही लागत नाही. कोडची सुरुवात ०एक्स८००७ अशी असेल तर तो विंडोजचाच नेहमीचा एरर आहे. शेवटचे चार अंक घ्या आणि कॅल्क्युलेटरच्या प्रोग्रामर मोडमध्ये षोडशमानातून दशमानात करा. ०एक्स८००७०००५ म्हणजे ५, परवानगी नाही. ०एक्स८००७०००२ म्हणजे २, फाइल सापडली नाही. ०एक्स८००७००७० म्हणजे ७० नव्हे तर ११२, डिस्क भरली. ०एक्स८००७०६४३ म्हणजे सगळ्यांच्या ओळखीचा १६०३, त्याबद्दल पुढे.

०एक्स८७डी०० ने सुरू होणारे कोड मात्र कॉन्फिगरेशन मॅनेजरचे स्वतःचे. आणि ०एक्स८००७२ई ने सुरू होणारे नेटवर्कचे: ई७ ने संपला तर सर्व्हरच्या नावाचा पत्ता लागत नाही, ई२ ने संपला तर वेळ संपली. हे दिसले की मशीनशी झटापट थांबवा आणि डीएनएस, व्हीपीएन, प्रॉक्सी बघा.

डाउनलोड ० टक्क्यांवरच थांबतं. हलतच नाही.

हा माझा आवडता प्रश्न, कारण यात लाल ओळ बहुधा नसतेच. क्लायंट वाट बघत असतो. वाट बघणं हा त्याच्या दृष्टीने एरर नाही.

एका ठिकाणी ऑफिसने इमारतीतला आणखी एक मजला घेतला. सोमवारी तिथे बसलेल्या सगळ्यांची तिकिटं: डाउनलोड ० टक्के. स्थानिक टीमने दोन दिवस क्लायंट पुन्हा टाकण्यात घालवले. त्या मजल्यावरून खालच्या मजल्यावर नेलेलं मशीन मात्र आपोआप बरं व्हायचं, त्यामुळे 'पुन्हा टाकल्याने होतं' असा समजही पक्का झाला. सीएएस.लॉगमध्ये कंटेंटच्या ठिकाणांची यादी रिकामी आली होती. नव्या मजल्याचा सबनेट (तिथल्या नेटवर्क पत्त्यांचा गट) कोणत्याच बाउंड्रीत, म्हणजे सर्व्हरवर नोंदवलेल्या नेटवर्कच्या हद्दीत, नव्हता. क्लायंटला आपण कुठे आहोत हेच कळत नव्हतं, मग जवळचा डिस्ट्रिब्यूशन पॉइंट (डीपी, म्हणजे फाइली देणारा सर्व्हर) कोण सांगणार? सर्व्हरवर एक बाउंड्री जोडून ती ग्रुपमध्ये टाकली आणि संपलं.

म्हणजे ० टक्के दिसलं की आधी सीएएस आणि लोकेशनसर्व्हिसेस बघा. यादी रिकामी असेल तर दोनच शक्यता आधी तपासा: बाउंड्री नाही, किंवा कंटेंट त्या डीपीवर पाठवलेलंच नाही. यादीत नावं आहेत पण फाइली येत नाहीत, तर डेटाट्रान्सफरसर्व्हिसकडे वळा. ही वाहतूक विंडोजच्या बिट्स या पार्श्वभूमीत फाइली आणणाऱ्या सेवेमार्फत होते, त्यामुळे ती सेवा बंद असणं किंवा बँडविड्थची मर्यादा हेही इथेच कळतं.

एका फाइलीतून दुसरीत जाताना नावाने शोधू नका, आयडीने शोधा. ॲपइंटेंटइव्हॅलमध्ये ॲपचा लांबलचक आयडी मिळतो, सीएएसमध्ये कंटेंटचा आयडी. तो कॉपी करून पुढच्या फाइलीत शोधला की धागा सुटत नाही.

ॲप बसलंय, चालतंय, तरी सॉफ्टवेअर सेंटर 'फेल्ड' म्हणतं.

कोड ०एक्स८७डी००३२४ आहे का? मग इन्स्टॉलर निर्दोष आहे. ॲपएन्फोर्समध्ये एक्झिट कोड ० दिसेल, आणि लगेच खाली 'ॲप्लिकेशन सापडलं नाही' अशी ओळ. डिटेक्शन मेथड, म्हणजे ॲप बसलं का हे तपासणारा नियम, चुकीची गोष्ट शोधते आहे. नेहमीची कारणं: ३२ बिटचं ॲप रजिस्ट्रीच्या वॉव६४३२नोड शाखेत नोंद करतं आणि नियम ६४ बिटच्या शाखेत बघतो. किंवा नव्या आवृत्तीचा प्रॉडक्ट कोड (एमएसआयची ओळख) बदलला आणि नियम जुनाच राहिला. किंवा इन्स्टॉलरने स्वतःच दुसरी प्रक्रिया सुरू करून आधीच 'झालं' म्हणून सांगितलं, आणि तपासणी झाली तेव्हा ॲप खरोखरच अर्धवट होतं. हा शेवटचा प्रकार जरा छळतो, कारण तासाभराने बघितलं तर सगळं ठीक दिसतं.

१६०३ आला. पुढे?

१६०३ म्हणजे 'मोठी चूक झाली' एवढंच. एमएसआय याहून जास्त काही या कोडमधून सांगत नाही. इन्स्टॉलच्या कमांडमध्ये सविस्तर लॉगचा पर्याय, म्हणजे तिरकी रेघ, एल, तारा, व्ही, आणि पुढे फाइलीचं नाव जोडा. पुन्हा चालवा, आणि त्या फाइलीत 'रिटर्न व्हॅल्यू ३' शोधा. ती ओळ सापडली की तिच्या *वरच्या* ओळी वाचा. खरं कारण तिथे असतं.

१६०३ सोबत बाकीचे कोडही पाठ असू द्या: ३०१० म्हणजे बसलं पण रीस्टार्ट हवा, १६४१ म्हणजे रीस्टार्ट सुरू केला, १६१८ म्हणजे दुसरं काहीतरी बसतंय, थांबा. ३०१० ला फेल म्हणून तिकीट पुढे ढकलणारे लोक मी पाहिले आहेत.

ॲपएन्फोर्समध्ये एररच नाही, पण दोन तासांनी 'वेळ संपली' म्हणतो.

दोन तास म्हणजे १२० मिनिटं, आणि ती कमाल वेळेची डिफॉल्ट मर्यादा. इन्स्टॉलर पडला नाही, तो कुणाच्या तरी उत्तराची वाट बघत बसला. ॲप सिस्टिम खात्याखाली बसत असतं, त्याची खिडकी युजरला दिसत नाही. "जुनी आवृत्ती बंद करा, ओके दाबा" असा निरोप कोणी पाहणार नसलेल्या पडद्यावर दोन तास उभा असतो. सायलेंट स्विच (काही न विचारता बसवण्याचा पर्याय) चुकला आहे का ते कमांडच्या ओळीत बघा, ती ॲपएन्फोर्समध्ये अख्खी छापलेली असते. त्याच कारणाने, तुमच्या हाताने डबल क्लिक करून इन्स्टॉल झालं हा पुरावा होत नाही. सिस्टिम खात्याला तुमचा मॅप केलेला झेड ड्राइव्ह दिसत नाही.

विंडोज अपडेटसाठी कोणती फाइल?

डब्ल्यूयूएहँडलर.लॉग आधी, मग अपडेट्सडिप्लॉयमेंट.लॉग. पहिल्यात स्कॅन झालं का ते कळतं, आणि स्कॅनच झालं नसेल तर पुढचं वाचायची गरज नाही. ०एक्स८७डी००६९२ दिसला तर डोमेनची ग्रुप पॉलिसी अपडेटचा सर्व्हर वेगळाच सांगते आहे. क्लायंट आणि पॉलिसी यांच्या भांडणात पॉलिसी जिंकते. हे मशीनवर दुरुस्त होणार नाही, ॲक्टिव्ह डिरेक्टरीच्या (डोमेन सांभाळणाऱ्या) टीमकडे जा.

विंडोजचा स्वतःचा विंडोजअपडेट.लॉग विंडोज १० पासून थेट वाचता येत नाही. पॉवरशेलमध्ये गेट-विंडोजअपडेटलॉग चालवलं की वाचण्याजोगी फाइल डेस्कटॉपवर तयार होते.

इमेजिंग मध्येच पडलं. एसएमएसटीएस.लॉग सापडत नाही.

इमेजिंग म्हणजे मशीनवर नव्याने विंडोज टाकणं, आणि त्याची नोंद ठेवणारी ही फाइल भटकी आहे. विनपीईमध्ये (इमेजिंगसाठी चालणाऱ्या छोट्या विंडोजमध्ये) डिस्क फॉरमॅट होण्याआधी ती एक्स ड्राइव्हवर, विंडोज\टेम्प\एसएमएसटीएसलॉग इथे असते. फॉरमॅटनंतर सी ड्राइव्हवर _एसएमएसटास्कसिक्वेन्स फोल्डरच्या आत लॉग्जमध्ये जाते. नवीन विंडोजमध्ये क्लायंट बसला की सीसीएम\लॉग्जच्या आत एसएमएसटीएसलॉग या उपफोल्डरमध्ये, आणि सगळं आटोपलं की थेट सीसीएम\लॉग्जमध्ये. तिथे सापडली नाही तर इमेजिंग आटोपलेलं नाही, हीसुद्धा माहितीच.

बूट इमेजमध्ये (विनपीई ज्यातून सुरू होतं त्या फाइलीत) सोय चालू ठेवलेली असेल तर विनपीईत एफ८ दाबून कमांडची काळी खिडकी उघडते. ती उघडी असेपर्यंत मशीन रीस्टार्ट होत नाही, म्हणून एररचा पडदा दिसला की आधी एफ८, मग विचार. तिथेच आयपीकॉन्फिग चालवा. आयपी पत्ता नसेल तर बूट इमेजमध्ये त्या लॅपटॉपच्या नेटवर्क कार्डचा ड्रायव्हर नसण्याची शक्यता मोठी. नवीन मॉडेलची पहिली खेप आली की हे हमखास होतं.

क्लायंटच बसत नाही.

सीसीएमसेटअप.लॉगची शेवटची ओळ वाचा. रिटर्न कोड ० म्हणजे बसला, ७ म्हणजे रीस्टार्ट हवा. बसूनही कॉन्फिगरेशन मॅनेजरच्या कन्सोलमध्ये 'नाही' दिसत असेल तर क्लायंटआयडीमॅनेजरस्टार्टअप.लॉगमध्ये नोंदणी झाली का ते बघा.

कालचा लॉग आज गायब आहे.

क्लायंटची प्रत्येक फाइल डिफॉल्ट सेटिंगमध्ये २,५०,००० बाइटची होते, मग तिच्या नावापुढे तारीख लागून ती बाजूला ठेवली जाते, आणि अशी एकच जुनी प्रत राहते. गडबडीच्या मशीनवर एवढा इतिहास दिवसभरही पुरत नाही. रजिस्ट्रीत सॉफ्टवेअर\मायक्रोसॉफ्ट\सीसीएम\लॉगिंग या शाखेत @ग्लोबल खाली आकार आणि प्रतींची संख्या वाढवता येते. त्याच ठिकाणी लॉगलेव्हल आहे: डिफॉल्ट १, आणि ० केलं की बारीकसारीक सगळं लिहिलं जातं. बदल केल्यावर एसएमएस एजंट होस्ट ही सेवा रीस्टार्ट करा. काम झालं की पूर्ववत करा, नाहीतर बडबडीत महत्त्वाची ओळ हरवते.

सेवेच्या नावात 'एसएमएस' बघून गोंधळू नका. १९९४ मध्ये हे उत्पादन सिस्टिम्स मॅनेजमेंट सर्व्हर या नावाने आलं. नंतर नाव अनेकदा बदललं, आतली नावं तशीच राहिली.

आमच्याकडे आता इंट्यून आहे. हे सगळं वाया?

नाही, उलट वाचायची सवय तशीच्या तशी कामी येते. इंट्यून ही मायक्रोसॉफ्टची क्लाउडवरून मशीन सांभाळणारी सेवा. लॉग प्रोग्रामडेटा\मायक्रोसॉफ्ट\इंट्यूनमॅनेजमेंटएक्स्टेन्शन\लॉग्ज इथे असतात आणि सीएमट्रेसमध्येच उघडतात. विन३२ ॲपसाठी नव्या आवृत्त्यांत ॲपवर्कलोड.लॉग, स्क्रिप्टसाठी एजंटएक्झिक्युटर.लॉग. धीर मात्र जास्त लागतो: ठरावीक प्रयत्न फसले की पुढचा प्रयत्न २४ तासांनी होतो, म्हणून "मी दुरुस्त केलं तरी होत नाही" असं वाटतं.

लॉग व्हेंडरला ईमेलने पाठवले तर चालतील?

आधी उघडून बघा. युजरची नावं, डोमेन, सर्व्हरची नावं, आयपी पत्ते, कधी इन्स्टॉलच्या कमांडमध्ये लिहिलेला परवाना क्रमांक किंवा चक्क पासवर्ड, हे सगळं त्यात असतं. कमांडमध्ये पासवर्ड दिसला तर तो आधी बदलून घ्या आणि पॅकेज करणाऱ्याला फोन करा. बाहेर पाठवायची प्रत वेगळी करून त्यात नावांच्या जागी खुणा घाला. पण मूळ प्रत जपून ठेवा, कारण 'सर्व्हर १' म्हणजे कोणता हे व्हेंडर दोन आठवड्यांनी विचारतोच.

भारतात सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थांनी आपल्या प्रणालींचे लॉग १८० दिवस जपायचे आहेत. वरचा २,५०,००० बाइटचा हिशेब आठवा. क्लायंटच्या फोल्डरवर त्यासाठी विसंबता येणार नाही, कोणते लॉग मध्यवर्ती ठिकाणी जातात हे सुरक्षा विभागाला विचारून ठेवा.

व्हेंडरला नुसती झिप पाठवू नका. सोबत तीन ओळी लिहा: मशीन कोणतं, बटण किती वाजून किती मिनिटांनी दाबलं, आणि साखळी कोणत्या फाइलीत थांबली. मग उत्तरात "कृपया क्लायंट पुन्हा इन्स्टॉल करून बघा" येण्याची शक्यता बरीच कमी होते.